ते बूच माझं नव्हतं

मी पिंपांचा वास काढायचो. धंदा सांगितला की लोक पुन्हा एकदा विचारतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो. गोदामांतून रिकामी झालेली लाकडी पिंपं उचलायची, त्यांत आधी जे काही भरलेलं असेल त्याचा वास घालवायचा आणि ज्याला दुसरं काही भरायचं असेल त्याला ती विकायची, हा माझा धंदा. अंधेरीहून मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका विहिरीला लागून माझी पत्र्याची शेड होती. आता तिथं इमारत उभी आहे आणि तिच्या जिन्यात सदैव कसला तरी वास येतो, असं ऐकतो. मला कुणी बोलावलेलं नाही.

संपादकांनी ‘व्यवसायातले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. तेवढे देतो. पण माझं खरं काम वेगळं आहे. पन्नास सालानंतरच्या दारूबंदीच्या दिवसांत मरोळला एका लग्नात माझ्या पिंपावरून जो प्रकार झाला, त्याबद्दल आजही अंधेरीत जुनी माणसं हसतात. त्यांनी हा अंक विकत घ्यावा आणि वाचावा. फुकट वाचनालयात वाचला तरी चालेल, पण वाचावा.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लाकूड पितं. पिंपात एरंडेल भरा, काकवी भरा, सिरका भरा, लाकूड आपला वाटा आत ओढून घेतं आणि मग सवडीनं परत करत बसतं. तुम्ही पिंप नुसतं धुतलंत तर ते त्या दिवशी गप्प राहील. आठ दिवसांनी तुमच्या पाण्याला एरंडेलाचा वास. पुष्कळ लोक काय करत, आत कापूर जाळत, नाहीतर उदाचा धूर कोंडत. ही लबाडी. मग कापूर लावलेल्या एरंडेलाचा वास यायचा. वास झाकायचा नसतो, बाहेर बोलवायचा असतो. मी पिंपाचं एक तोंड उघडायचो, आत कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालायचो, लोखंडी साखळी टाकायचो, तोंड बसवून पिंप जमिनीवर लोळवायचो. साखळी आतून लाकूड घासून काढते. तो खडखडाट एवढा असायचा की शेजारचा तबेलेवाला म्हणायचा, माझ्या म्हशी दूध चोरतात. मग चिंचेचं पाणी, मग साधं पाणी, रोज बदलायचं, आणि शेवटी आत कोळशाची पुरचुंडी टांगून ठेवायची. पिंप पूर्ण वाळू द्यायचं नाही. वाळलं की फळ्या एकमेकींना सोडतात आणि पिंपाची सरपणात गणती होते.

आणि बूच. बूच म्हणजे पिंपाच्या पोटावरच्या भोकात ठोकतात तो खुंटा. सगळे लोक पिंप घासत बसतात आणि जुनंच बूच परत ठोकतात. अहो, सगळ्यात जास्त वास बुचात! ते जन्मभर मालात तोंड खुपसून बसलेलं असतं. मी जुनं बूच चुलीत घालायचो आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं नवं बूच स्वतः तासायचो. त्याच्या डोक्यावर पटाशीनं एक तिरपी चीर मारायचो. ती माझी खूण. ही खूण लक्षात ठेवा.

सगळ्या वासांवर मी मात केली असं म्हणणार नाही. मुशी माशाच्या तेलाचं एक पिंप वर्सोव्याकडून घेतलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. त्याच्यावर मी एवढी मेहनत घेतली की शेवटी पिंपाचा वास होता तेवढाच राहिला आणि माझ्या कपड्यांचा वाढला. बायकोनं जेवणाचं ताट पायरीवर ठेवायला सुरुवात केली. ते मी एका डांबरवाल्याला दिलं. तो म्हणाला, डांबराला आता जरा बरा वास येतो.

पण या धंद्यातला खरा त्रास पिंपाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. वास मोजता येत नाही. कापड गज लावून मोजता येतं, तांदूळ तराजूत टाकता येतात, पण वास? गिऱ्हाईक पिंपात डोकं घालायचं, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, “वास येतोय हो.” झालं! एवढ्या दोन शब्दांत भाव निम्म्यावर. मी घासाघिशीत कुणाला हार जाणारा नव्हे. सावंतवाडीहून मुंबईला आलो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय काही नव्हतं, आणि तो सदराही मी भाव पाडून घेतलेला होता. पण “वास येतोय” याला उत्तर नाही.

विलेपार्ल्याच्या एक काकू होत्या. खारातल्या कैऱ्या करून खाणावळींना द्यायच्या. त्यांना पिंप हवं होतं. आल्या त्या नवऱ्याला घेऊन. नवरा कचेरीतला कारकून, गळ्याला मफलर, बारा महिने सर्दी. काकूंनी पिंपात डोकं घातलं.

“अहो पिंपवाले, वास येतोय.”

“कसला?”

“कसला ते तुम्ही सांगायचं. पिंप तुमचं.”

“काकू, काही नाही त्यात. पाणी प्यालात तरी चालेल.”

काकू नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही सांगा हो. येतोय की नाही?”

नवऱ्यानं पिंपात वाकून शिंक दिली, नाक पुसलं आणि म्हणाला, “तू म्हणतेस तर येतोय.”

माझं डोकं फिरलं. मी त्या दोघांना काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण त्या रागातच मला युक्ती सुचली. तबेलेवाल्याकडून तापवलेलं दूध आणलं, वाटीत ओतलं, वाटी पिंपात ठेवली आणि तोंड बंद केलं. दुधासारखं भोळं काही नाही. शेजारी कांदा चिरला तरी त्याला कळतं. म्हटलं, दुपारी या. दूध दोघांनी प्यायचं. दुधाला वास लागला तर पिंप फुकट न्या. नाही लागला तर मी सांगेन तो भाव, आणि पुन्हा नाक हा शब्द काढायचा नाही.

काकू काही कमी नव्हत्या. “वाटी माझी, दूध माझं,” म्हणाल्या आणि घरून दोन्ही घेऊन आल्या. दुपारी प्यायल्या. ओठ पुसले. भाव दिला. जाताना म्हणाल्या, “दुधात साखर असती तर बरं झालं असतं.”

तेव्हापासून बाबलच्या, म्हणजे माझ्या, शेडमध्ये दुधाची परीक्षा झाल्याशिवाय सौदा व्हायचा नाही. पार्ल्यापासून घाटकोपरपर्यंत ही गोष्ट लोकांना माहीत झाली. आणि या नावलौकिकावरच ते मरोळचं बूच येऊन आदळलं.

मरोळच्या गावठाणात रेजिनाबाय राहायच्या. जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या, भातशेती होती, नवरा वारलेला, एकुलत्या एका मुलीचं, फिलोमिनाचं, लग्न ठरलेलं. त्यांच्यात लग्नाच्या मांडवात नवरानवरीच्या नावानं पेला उंचावतात आणि सगळे एकदम पितात. त्याशिवाय लग्न अळणी. पण दारूबंदी आलेली. पेल्यात घालणार काय? रेजिनाबायनं ठरवलं, आल्याची बिअर. आलं, साखर, लिंबू आणि थोडी मनुका पाण्यात घालून काही दिवस पिंपात कोंडायची. नावाला बिअर, बाकी लेमनची थोरली बहीण. फेस येतो, नाकात झिणझिण्या येतात, पण कुणी झिंगत नाही.

“पण पिंपाला जरा जरी तसला वास आला ना,” रेजिनाबाय म्हणाल्या, “तर तो हवालदार माझ्या पोरीच्या लग्नात येऊन उभा राहील. त्याला कारणच पायजे हाय. मना वास नको. काय पण नको.”

“बाय, पिंप काकवीचं होतं. दारूचं नाही. आता तर कशाचंच नाही.”

“समदे असंच सांगतात.”

“दुधाची परीक्षा करू.”

“करूच. पण लग्नाला तू येशील. पिंपाच्या बाजूला उभा राहशील. काय चुकलं तर धरायला मना मानूस पायजे.”

त्या बाईनं माझ्याकडून आणखी काय काय कबूल करून घेतलं! पिंप पोचवायचं मी, त्याच्याखालची लाकडी घोडी माझी, वर भाव तिचा. मी तासभर ओरडलो. ती शांतपणे भाताच्या लोंब्या निवडत बसली होती. शेवटी मी दमलो. घासाघिशीत मला दमवणारी ती एकच बाई. परीक्षेच्या दिवशी तिनं आधी क्रूस केला, मग वाटी तोंडाला लावली, डोळे मिटून घोट घोट प्यायली आणि म्हणाली, “दूधच हाय.” माझ्या पिंपांबद्दल याहून मोठं सर्टिफिकेट मला मिळालेलं नाही. त्या पिंपाला मी माझ्या हातानं तासलेलं नवं बूच लावून दिलं. तिरपी चीर असलेलं.

आता पास्कल. हा रेजिनाबायचा थोरला भाऊ. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला, उंच, पांढऱ्या मिश्या, बोलायला गोड. बहिणीचा नवरा नसल्यामुळे भाचीला हात धरून चर्चमध्ये नेण्याचा मान त्याचा. या पास्कलचं एक गुपित अख्ख्या गावठाणाला ठाऊक होतं. बोटीवरची नोकरी संपली तेव्हा त्यानं तिथल्या रमच्या पिंपाचं एक कॉर्कचं बूच आठवण म्हणून आणलं होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवायचा. दारूबंदी आली आणि त्या बुचाचं नशीब उघडलं. रोज संध्याकाळी पास्कल ओटीवर बसायचा, डबा उघडायचा, बूच नाकाशी धरायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि डबा बंद करायचा. मग जेवायला बसायचा. वास घेणं कायद्यात बसत होतं.

लग्नाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून पिंपाशेजारी उभा होतो. घोडीवर आडवं पिंप, पुढच्या तोंडाला लाकडी तोटी, वर बूच झाकून टाकणारे फुलांचे हार. बँड वाजत होता. चर्चमधून मंडळी आली, पास्कलच्या हातावर फिलोमिनाचा हात, मागं रेजिनाबाय. तोटी उघडली, खाली सुरया धरल्या. वारा आत जावा म्हणून पास्कलनं वरचं बूच स्वतःच्या हातानं, मोठ्या मानानं उपटलं.

आणि मांडवात रमचा वास सुटला.

असा तसा नव्हे. पहिला भपका आला तो थेट माझ्या नाकात. म्हाताऱ्या मंडळींचं बोलणं थांबलं. माना वळल्या. नाकं वर झाली. त्या चेहऱ्यांवर जे हळूहळू पसरलं त्याला मी काय म्हणू? हरवलेलं माणूस दारात उभं दिसावं तसं. मग पेले उंचावले आणि सगळ्यांनी एका दमात आल्याचं पाणी घशाखाली घातलं.

“वा रे पास्कल!” एक जण म्हणाला. “अशी चीज ठेवली होतीस आणि बोलला नाहीस!”

“हळू बोल रे, हळू!” दुसरा ओरडून म्हणाला.

दुसऱ्या पेल्याला लोक गाऊ लागले. एक चांगला धष्टपुष्ट गृहस्थ बायकोपुढे गुडघे टेकून सगळ्या गोष्टींची माफी मागू लागला. कोणत्या गोष्टींची ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे तिथंच नवीन भांडण उभं राहिलं. बँडवाला ढोल सोडून ढोलाच्या कडेवर वाजवत होता. मी पेला तोंडाला लावून बघितला. आलं, साखर, लिंबू. झिंगण्यासारखं त्यात थेंबभर काही नव्हतं. अख्खं गाव नुसत्या वासावर डुलत होतं.

हवालदार ढवळे आला तो नाकामागून आला. रस्त्यावरच त्याला कळलं असणार. ढोल थांबला.

“पिंप कुणाचं?”

हवालदारानं पिंपाच्या भोकाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसाच उभा राहिला.

“रम,” तो म्हणाला.

माझा संयम तिथं संपला. “रम कुठली? ओ हवालदारसाहेब, पिऊन बघा! माझं पिंप आहे ते! दुधाची परीक्षा झालेली आहे!”

“दूध?” हवालदारानं मांडवाकडे हात केला. तिथं तो माफी मागणारा अजून गुडघ्यावरच होता. “हे सगळे दूध पिऊन असे झालेत का?”

तेवढ्यात माझं लक्ष पिंपावर ठेवलेल्या बुचाकडे गेलं. कॉर्कचं बूच. काळं पडलेलं. पांगाऱ्याचं नाही, तिरपी चीर नाही. मी पास्कलकडे बघितलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. भाचीचा हात त्यानं घट्ट धरला होता, का तिनं त्याचा धरला होता, कळत नव्हतं.

माझ्या जिभेवर सगळं आलं. ‘ते बूच माझं नव्हे’, एवढं म्हटलं असतं की मी सुटलो. पण हवालदाराचा पुढचा प्रश्न ‘मग कुणाचं?’ हाच असणार होता. आणि उत्तर भाचीचा हात धरून उभं होतं. रेजिनाबाय माझ्याकडे बघत होती. भाव करताना एकदाही खाली न गेलेली तिची नजर त्या वेळी खाली गेली.

“पिंप माझं,” मी म्हणालो.

“आणि बूच?”

“पिंप माझं म्हटलं ना!” मी ओरडलो.

मी तापट माणूस आहे. पण एवढ्या रागात तोंड बंद ठेवल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग, आणि त्यानंच माझा घात केला.

पिंप, बूच आणि मी असे तिघे चौकीत गेलो. पिंपातलं पाणी बाटलीत भरून तपासायला गेलं. त्यात आक्षेपार्ह काही सापडलं नाही. सापडणार कुठून? मला सोडलं. पण पिंप द्यायची वेळ आली तेव्हा हवालदार म्हणाला, “पाण्यात काही नाही, पण वास होता. पंचांनी घेतलाय. पिंप आणि वास दोन्ही तुझे, असं लिहून दे आणि घेऊन जा.”

“पिंप माझं. वास माझा नाही.”

“मग वास कुणाचा?”

पुन्हा तिथंच. मी चौकीच्या पायऱ्या उतरलो ते पाय आपटत. पिंप मुद्देमाल म्हणून राहिलं.

त्यानंतर माझ्या धंद्याची जी वाट लागली! ‘बाबलच्या पिंपाला दारूचा वास येतो,’ एवढीच बातमी लोकांनी उचलली. पार्ल्याच्या काकूंनी माझं पिंप कैऱ्यांसकट बाहेर काढलं आणि मफलरवाल्या नवऱ्याला माझ्याकडे पाठवलं. म्हटलं, “तुम्ही सांगा, येतोय का वास?” तो हळूच म्हणाला, “मला जन्मात कधी कसलाच वास आलेला नाही हो. पण तिला सांगू नका.” सभ्य गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्या जागी दुसरंच येऊ लागलं. रेशमी सदरा, तोंडात पान, एक डोळा बारीक करून विचारायचं, “शेठ, ते मरोळवालं पिंप आहे का? तसलंच पायजे. वास काढू नका, आहे तसा राहू द्या.” एकाला मी साखळी घेऊन रस्त्यापर्यंत पळवला.

आणि पास्कल? पास्कल मला बघितलं की रस्ता ओलांडायचा. रेजिनाबायनं नाताळात करंज्यांचं ताट पाठवलं, ते मी परत पाठवलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. घासाघीस चालूच होती म्हणा. मला करंज्या नको होत्या. मला एक वाक्य हवं होतं, चारचौघांत बोललेलं: ते बूच बाबलचं नव्हतं.

काही वर्षांनी चौकीतल्या पडून राहिलेल्या मालाचा लिलाव निघाला. मी गेलो. माझं पिंप कोपऱ्यात उभं होतं. पोलिसांनी त्याचं वरचं तोंड काढून टाकलं होतं, पोटाच्या भोकात चिंध्या कोंबल्या होत्या आणि त्यात प्यायचं पाणी भरून ठेवलं होतं. माझं पिंप! इतकी वर्षं अख्खी चौकी त्यातलं पाणी पीत होती. ढवळे हवालदार मध्यंतरी बदलून जाऊन परत आला होता, केस पिकले होते. लिलावाला एक कच्छी भंगारवाला, चारदोन बघे, आणि दाराशी रेजिनाबाय. कशाला आली होती, देव जाणे.

मी मनाशी बेत करून गेलो होतो. पिंपात डोकं घातलं, नाक मुरडलं आणि जन्मभर जे दोन शब्द ऐकून माझं रक्त आटलं, ते मोठ्यानं उच्चारले.

“वास येतोय.”

“कसला वास?” हवालदार उखडला. “आम्ही रोज पाणी पितो यातलं.”

“दारूचा. तुम्हीच म्हणाला होतात.”

कच्छी मागं सरकला. भाव माझ्या खिशात आलाच होता. पण हवालदारानं डोकं खाजवलं आणि हसला. “तुझी ती परीक्षा असते ना रे बाबल? दुधाची? होऊन जाऊ दे.”

शिपाई दूध घेऊन आला. पिंप रिकामं करून पुसलं, वाटी आत ठेवली, वर फळी. लिलावातला बाकीचा माल विकून होईपर्यंत आम्ही थांबलो. मग हवालदारानं वाटी काढून माझ्या हातात दिली. “पी आणि सांग.”

सगळे बघत होते. रेजिनाबाय दारातून आत आली होती. मी एक घोट घेतला. दूध. नुसतं दूध. इतकी वर्षं पोलिसांच्या हातात राहूनही माझं काम तसंच होतं. ‘येतोय’ म्हटलं असतं तर पिंप जळणाच्या भावात माझं होतं. तोंड उघडलं. तो शब्द येईना. दुसऱ्याच्या पिंपाबद्दल मी काहीही बोललो असतो हो! पण हे माझं होतं.

“वास नाही,” मी म्हणालो. “कधीच नव्हता.”

“आं?” हवालदार म्हणाला.

“कधीच नव्हता!” मी ओरडलो.

कच्छी लगेच पुढं आला आणि त्यानं बोली चढवली. मग माझा पारा चढला, मी चढवली. जुन्या पिंपाला नव्या पिंपाचा भाव देणारा मुंबईतला पहिला पिंपवाला मीच असेन. पिंपाबरोबर हवालदारानं एक चिंधीत बांधलेली गाठ दिली. आत ते कॉर्कचं बूच. “हेही तुझंच,” म्हणाला.

ते बूच मुठीत धरून मी तडक मरोळला निघालो. पास्कलच्या तोंडावर फेकायचं, हा बेत. रेजिनाबाय मागून येत होती, “अरे बाबल, थांब रे, तो आजारी हाय,” म्हणत.

पास्कल ओटीवर खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर चादर, मिश्या झडलेल्या. मांडीवर तो बिस्किटाचा डबा. मला बघून रस्ता ओलांडायची सोय नव्हती. मी बूच त्याच्या पुढ्यात आपटलं.

“हे घे तुझं! माझ्या पिंपाला माझं बूच होतं. ते काढून हे का ठोकलंस?”

“काढलं नाय रे,” पास्कल म्हणाला. “आदल्या दिवशी ते उडालं.”

“काय?”

“पिंपात हवा भरली. फटाका वाजावा तसं उडालं आणि वरचं कौल फुटलं. विचार रेजिनाला. तुझं बूच तिथंच छपरावर अडकलं. सगळी बिअर वाया जाईल म्हणून हाताशी होतं ते ठोकलं. माझ्याकडं दुसरं काय होतं? मना काय हौस होती का ते द्यायची?”

माझं बूच उडालं, हे मी मान्य करत नाही. बायनं मनुका जास्त घातली असणार. पण ते राहू द्या.

पास्कलनं ते कॉर्क उचललं, दोन्ही हातांत धरलं, डावीकडून नाकाशी नेलं, उजवीकडून नेलं. पुन्हा डावीकडून. मग हात खाली आले.

“गेला,” तो म्हणाला. “चौकीत उघड्यावर ठेवलं असेल. समदा गेला.”

मग त्यानं डबा उघडला. आत माझं बूच होतं. पांगाऱ्याचं, पिवळं पडलेलं. मागाहून फुटलेल्या कौलातून खाली पडलं, ते त्यानं रिकाम्या डब्यात उचलून ठेवलं होतं. त्या डब्यात रमचा जो काही वास मुरलेला होता तो सगळा माझं लाकूड प्यालं होतं. झाकण उघडताच तो मी उभा होतो तिथपर्यंत आला. पांगारा हलका, त्याच्याइतकं पिणारं लाकूड नाही.

“ह्याच्यावर काढली एवढी वर्षं,” पास्कल म्हणाला. त्यानं ते बूच माझ्यापुढं धरलं. “तुझं हाय. ने. आधीच द्यायला पायजे होतं. तोंड नाय झालं.”

मी ते हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. डोक्यावर माझ्या पटाशीची तिरपी चीर, कालच मारल्यासारखी. जन्मभर मी लाकडातून वास काढला, आणि हा एक वास माझ्याच लाकडात बसला होता. रेजिनाबाय दाराला टेकून माझ्याकडे बघत होती, लग्नात बघितलं होतं तशीच.

मी बूच डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं.

“नाही रे,” मी म्हणालो. “हे बूच माझं नाही.”

मग रेजिनाबायनं करंज्या आणल्या. या वेळी मी खाल्ल्या.